‘कर्मणी’ म्हणजे ‘पॅसिव्ह’? : एका व्याकरणनियमाचे मिथक

१

व्याकरणातील मिथके सहसा अज्ञानातून जन्माला येत नाहीत. ती प्रतिष्ठेतून जन्माला येतात. एका भाषेला दुसऱ्या भाषेची प्रतिष्ठा हवीशी वाटू लागली, की प्रतिष्ठित भाषेचे वर्णन हे आपल्या भाषेचे विधान बनते. इंग्रजीचाच दाखला घ्यावयाचा तर, वाक्याच्या अखेरीस ‘प्रेपोझिशन’ ठेवू नये हा दंडक तेथील शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकविला. ड्रायडनने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या लेखनातील एक दोष म्हणून या रचनेकडे बोट दाखविले. लॅटिनमध्ये तशी रचना होत नाही, यापलीकडे त्यामागे सबळ कारण नव्हते. क्रियापदाच्या ‘इन्फिनिटिव्ह’ रूपात मध्ये शब्द घालू नये, या एकोणिसाव्या शतकात फोफावलेल्या दंडकाचीही गत तीच. लॅटिनमध्ये ते रूप एकाच शब्दाचे असल्याने ते दुभंगण्याचा प्रश्नच नव्हता. चॉसरपासून पुढचे इंग्रजी लेखक ज्या रचना सहज करीत आले, त्या रचना परक्या भाषेच्या मापाने अशुद्ध ठरल्या. पुढे हे माप परके असल्याचे विस्मरण झाले आणि ‘परंपरागत व्याकरण’ या नावाने तेच मान्यता पावले.

मराठीतही असे एक मिथक आहे. त्याची मौज अशी, की त्याला एकाच वेळी दोन प्रतिष्ठित भाषांचा आधार लाभला आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य कर्मणी प्रयोगाचे, हे मराठीच्या तासाला शिकविले जाते. इंग्रजीच्या तासाला ‘पॅसिव्ह व्हॉइस’ म्हणजे कर्मणी प्रयोग, हे शिकविले जाते. या दोन विधानांची बेरीज विद्यार्थी मनातल्या मनात करतो आणि रामाने आंबा खाल्ला म्हणजे ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’, असा निष्कर्ष त्याच्या पदरी पडतो. ही बेरीज कोणत्याही ग्रंथात ठळकपणे लिहिलेली नसते. म्हणूनच ती तपासलीही जात नाही. परंतु तिचे परिणाम शाळेपुरते राहत नाहीत. भाषांतर, वृत्तपत्रीय लेखन आणि साहित्यकृतींची शैलीमीमांसा या तिन्ही क्षेत्रांत तिचा वावर आहे. मराठी भाषकाने भूतकाळात केलेल्या प्रत्येक सकर्मक क्रियेचे वर्णन ‘निष्क्रिय’ ठरविणारी ही समजूत कशी घडली, ती का टिकत नाही आणि तिच्यामुळे समीक्षेची दृष्टी कोठे चुकते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

२

प्रथम ‘कर्मणी’ या संज्ञेचा मूळ अर्थ पाहू. पाणिनीय परंपरेत कर्ता, कर्म, करण इत्यादी कारके ही क्रियेशी असलेल्या नात्यावरून ठरतात. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. क्रियापदाचा प्रत्यय कधी कर्त्याचा बोध करून देतो, कधी कर्माचा, तर कधी केवळ भावाचा. कर्तरी, कर्मणी आणि भावे ही नावे एवढेच सांगतात. ‘रामेण’ असे तृतीयान्त रूप आले, तरी राम कर्ताच राहतो. प्रत्ययाने त्याचा निर्देश केलेला नसल्यामुळे त्याला तृतीया लागते, इतकेच. तेव्हा ‘कर्मणी’ ही संज्ञा क्रियापद कोणाशी अन्वित आहे याविषयी बोलते. कर्ता सक्रिय आहे की निष्क्रिय, प्रधान आहे की गौण, याविषयी ती मौन पाळते.

‘पॅसिव्ह’ या संज्ञेचा कुळाचार वेगळा. ‘सोसणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ती आली. क्रिया करणारा आणि क्रिया सोसणारा अशी विभागणी तिच्या पोटातच आहे. इंग्रजीत तिचे प्रत्यक्ष कार्य असे, की मुळात कर्म असलेल्या पदाला वाक्याच्या उद्देश्याचे स्थान द्यावयाचे आणि मुळातील कर्त्याला ‘बाय’ लावून बाजूस बसवावयाचे किंवा सरळ गाळून टाकावयाचे. येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. इंग्रजी लेखकापुढे दोन वाटा खुल्या असतात. तीच घटना, त्याच काळात, ‘ॲक्टिव्ह’ रचनेतही सांगता येते आणि ‘पॅसिव्ह’ रचनेतही. निवडीला वाव आहे म्हणूनच ‘व्हॉइस’ या कल्पनेला अर्थ आहे.

मराठीच्या प्रमाण रूपात ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्याला कर्तरी पर्याय नाही. ‘राम आंबा खातो’ हे वर्तमानकाळी ठीक आहे, परंतु भूतकाळात ‘राम आंबा खाल्ला’ असे प्रमाण मराठीत म्हणता येत नाही. अर्थात येथे वक्त्याने काहीही निवडलेले नाही. सकर्मक धातू आणि पूर्ण झालेली क्रिया एकत्र आली, की कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनानुसार चालते. ही भाषेची घडण आहे, बोलणाऱ्याचा दृष्टिकोन नव्हे. आधुनिक भाषाविज्ञानात अशा घडणीला ‘अर्गेटिव्ह’ ही स्वतंत्र संज्ञा आहे. डिक्सन यांचा १९९४ मधील ग्रंथ या विषयावरील प्रमाणग्रंथ मानला जातो आणि काळानुसार वा क्रियेच्या पूर्ततेनुसार विभागलेल्या अर्गेटिव्ह रचनेची उदाहरणे देताना अभ्यासक भारतीय आर्यभाषांकडे हमखास वळतात.

३

कर्मणीची पॅसिव्हशी घातलेली सांगड किती सैल आहे, हे दाखविण्यासाठी परकीय सिद्धान्तांची फारशी गरज नाही; मराठीतील नित्याची वाक्ये पुरेशी आहेत.

‘तो दूध प्याला’ आणि ‘त्याने भाकरी खाल्ली’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिले कर्तरी, दुसरे कर्मणी. दोन्ही धातू सकर्मक, दोन्ही क्रिया पूर्ण झालेल्या, दोन्हींचा कर्ता तोच. दूध पिताना मनुष्य सक्रिय असतो आणि भाकरी खाताना निष्क्रिय होतो, असे कोणी म्हणणार नाही. ‘ती असे म्हणाली’ आणि ‘तिने असे सांगितले’, ‘तो धडा शिकला’ आणि ‘त्याने धडा वाचला’, ‘ती निरोप विसरली’ आणि ‘तिने निरोप दिला’ या जोड्यांतही हाच प्रकार आहे. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे, म्हणणे यांसारखे काही सकर्मक धातू भूतकाळी कर्तरी चालतात. हा धातूंच्या वर्गांचा प्रश्न आहे. त्यात ‘करणे’ आणि ‘सोसणे’ यांतील भेद शोधणे व्यर्थ होय.

सर्वनामांकडे पाहिले असता गोष्ट अधिक स्पष्ट होते. ‘मी आंबा खाल्ला’, ‘आम्ही पोथ्या लिहिल्या’ या वाक्यांत कर्त्याला ‘ने’ देखील नाही. प्रथम आणि द्वितीय पुरुषाची ‘म्यां’, ‘त्वां’ ही जुनी तृतीयेची रूपे प्रमाण मराठीने टाकून दिली आणि त्यांच्या जागी साधी प्रथमेची रूपे बसविली. ‘तू पोथी लिहिलीस’ या वाक्यात तर क्रियापद दोघांनाही मान देते : ‘लिहिली’ हे स्त्रीलिंग पोथीमुळे आणि शेवटचा ‘स’ तुझ्यामुळे. व्याकरणकारांनी याला ‘कर्तृकर्मसंकर’ हे नाव देऊन सोय लावली. परंतु संकर हा शब्दच सांगतो, की आखलेल्या कप्प्यांत वाक्य मावत नाही. कर्त्याला बाजूस सारणे हे ज्या रचनेचे कार्य, तिच्यात क्रियापदाने कर्त्याची खूण अंगावर वागवावी, हे सर्वस्वी विसंगत आहे.

‘रामाने रावण मारला’ हे कर्मणी आणि ‘रामाने रावणाला मारले’ हे भावे. या दोन वाक्यांतील फरक कर्माला ‘ला’ लागण्या-न लागण्याचा आहे. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह मानले, तर पहिल्या वाक्यात रावण उद्देश्य होतो. मग दुसऱ्या वाक्यात उद्देश्य कोण? इंग्रजी चौकटीत या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून ‘भावे प्रयोग इंग्रजीत नाही’ असे सांगून तो सोडून दिला जातो. मराठी भाषकाला मात्र दोन्ही वाक्यांत रामच मारणारा आणि रामाविषयीच बोलणे चालले आहे, याबद्दल संशय येत नाही.

सर्वांत निर्णायक कसोटी धातुसाधितांची आहे. ‘घरी येऊन रामाने पत्र वाचले.’ घरी कोण आले? राम. ‘रामाने आपल्या भावाला बोलावले.’ भाऊ कोणाचा? रामाचा. ‘येऊन’चा कर्ता आणि ‘आपला’चा धनी ज्या पदाकडे जातो, ते पद वाक्याचे अधिष्ठान होय. ‘ने’ लागला म्हणून रामाचे हे अधिकार तसूभरही कमी होत नाहीत. याउलट हेच पहिले वाक्य कर्मणीचा पॅसिव्ह करून इंग्रजीत नेले, तर घरी येण्याची क्रिया पत्राच्या माथी बसते. इंग्रजी व्याकरण ज्याला लोंबकळते धातुसाधित म्हणून दोष देते, नेमका तोच दोष घडतो. मराठीतील निर्दोष वाक्य समीकरणाच्या साहाय्याने इंग्रजीत नेताच सदोष ठरत असेल, तर दोष समीकरणाचा आहे.

४

मग हे समीकरण आले कोठून? १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. पुढील कित्येक पिढ्यांच्या शालेय व्याकरणाचा पाया त्याने घातला. लिंडली मरे यांच्या १७९५ मधील इंग्रजी व्याकरणाची मांडणी दादोबांसमोर होती, आणि संस्कृत व्याकरणाची परिभाषाही. मरेचे व्याकरण स्वतः लॅटिनच्या साच्यावर बेतलेले. म्हणजे लॅटिनच्या मापाने घेतलेला इंग्रजीचा अंगरखा संस्कृतची नावे शिवून मराठीला घालण्यात आला. दादोबांचे कर्तृत्व यामुळे उणे होत नाही. छापील व्याकरणाची वाट नुकती कोठे पडत असताना त्यांनी ग्रंथ उभा केला आणि पुढे आयुष्यभर त्यात दुरुस्त्या केल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी त्यांच्या मतांची जी झडती घेतली, ती मराठी व्याकरणविचारातील पहिली गंभीर चर्चा होय. १९११ मध्ये मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या सर्व वादांचा विस्तृत परामर्श आला. नंतरच्या काळात अरविंद मंगरूळकर आणि कृष्ण श्री. अर्जुनवाडकर यांनी संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही साच्यांपासून मराठीचे वर्णन वेगळे करण्याची निकड आग्रहाने मांडली. मात्र विद्वानांच्या ग्रंथांत वाद चालू राहिला, तरी शाळेच्या फळ्यावर समीकरण तसेच राहिले.

या इतिहासात पुण्याच्या शनिवार पेठेला एक विशेष स्थान आहे. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या चालकांनी उभारलेले फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ च्या जानेवारीत सुरू झाले, ते याच पेठेतील गद्रे वाड्यात. तेथील एक अध्यापक गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये, म्हणजे ‘सुधारक’ निघाले त्याच वर्षी, वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण या विषयावर ग्रंथ लिहिला. इंग्रजी शाळांत रुळलेली वाक्यपृथक्करणाची रीत मराठीला लावून पाहण्याचा तो प्रयत्न होता. पद हा घटक धरून चाललेल्या व्याकरणाला वाक्य हा घटक आगरकरांनी दिला. तर्कशास्त्राच्या या अध्यापकाला वाक्य हे विचाराचे रूप म्हणून महत्त्वाचे वाटले असल्यास नवल नाही.

येथे एक विचित्र उलटफेर दिसतो. पृथक्करणाची पद्धत उसनी खरी, परंतु शाळांत रूढ झालेल्या तिच्या कोष्टकात ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यातील ‘रामाने’ हे पद उद्देश्याच्या रकान्यात बसते आणि ‘आंबा’ विधेयविभागात कर्माच्या रकान्यात. म्हणजे इंग्रजीतून आलेल्या कोष्टकाने मराठी वाक्याची खरी घडण ओळखली, आणि संस्कृतातून आलेल्या नावाने, इंग्रजीचा चष्मा लावताच, ती झाकून टाकली. एकाच वर्गात, एकाच फळ्यावर, पृथक्करणाच्या तासाला राम उद्देश्य असतो आणि भाषांतराच्या तासाला तोच ‘बाय राम’ होऊन वाक्याच्या शेपटाशी जातो. या दोहोंतील विरोध शंभराहून अधिक वर्षे सुखाने नांदला, कारण दोन्ही तासांचे मास्तर वेगळे होते.

पुढील शालेय व्याकरणांनी हा पेच सोडविण्यासाठी ‘कर्मकर्तरी’ किंवा ‘नवीन कर्मणी’ हा वेगळा प्रकार कल्पिला आणि ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ हे त्याचे उदाहरण म्हणून दिले. इंग्रजी पॅसिव्हशी जुळणारी मराठी रचना ही, असे सांगितलेही गेले. ते बव्हंशी योग्य आहे. पण मग साधा कर्मणी पॅसिव्ह नव्हे, हा त्यातून आपोआप निघणारा निष्कर्ष मात्र उच्चारला गेला नाही. औषध दिले, रोगाचे नाव सांगितले नाही.

५

‘नवीन’ या विशेषणानेही एक उपमिथक जन्माला घातले : मराठीत खरा पॅसिव्ह नव्हताच, तो इंग्रजी अमदानीत आला. हे अर्धसत्य आहे. ‘जाणे’ या धातूच्या साहाय्याने होणारी रचना हिंदीसारख्या भगिनी भाषांतही आहे. तिचे मूळ केवळ इंग्रजीत शोधणे कठीण. इंग्रजीच्या सहवासाने तिचा वापर वाढला, विशेषतः ‘कडून’ किंवा ‘द्वारा’ लावून कर्ता सांगण्याची लकब बळावली, एवढे म्हणता येईल. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की जुन्या मराठीला स्वतःचा, संस्कृतच्या ‘क्रियते’ या वळणातून प्राकृतमार्गे आलेला कर्मणी होता. ज्ञानेश्वरीच्या भाषेत ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘म्हणिजे’ अशी रूपे विपुल आहेत. शालेय व्याकरणे त्यांना ‘पुराण कर्मणी’ म्हणतात आणि जणू ती वस्तुसंग्रहालयात ठेवून देतात. प्रत्यक्षात त्यांपैकी दोन रूपे मराठी माणसाच्या तोंडी दिवसभर असतात. ‘म्हणजे’ हे त्या ‘म्हणिजे’चेच रूप, ‘म्हटले जाते’ हा त्याचा मूळ अर्थ. आणि ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चे कर्मणी रूप, जे पाहिले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते पाहिजे. ‘मला आंबा पाहिजे’ या वाक्यात खऱ्या कर्मणीचा अवशेष आहे, तेथे तो कोणी ओळखत नाही. ‘मी आंबा खाल्ला’ या वाक्यात पॅसिव्ह नाही, तेथे तो सर्वांना शिकविला जातो.

६

साहित्यसमीक्षेला या सर्वाशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. शैलीविचाराने मराठी समीक्षेत मूळ धरल्यापासून वाक्यरचनेवरून पात्रांच्या आणि निवेदकाच्या वृत्तीचे अनुमान काढण्याचा प्रघात पडला. तो स्वागतार्हच आहे. परंतु अनुमान तेथेच काढता येते, जेथे लेखकापुढे पर्याय होता. कथेतील निवेदन ‘तो उठला, दाराशी गेला’ या कर्तरी वाक्यांवरून ‘त्याने कडी काढली, बाहेर पाहिले’ या कर्मणी-भावे वाक्यांवर येते, तेव्हा पात्राचे कर्तेपण ओसरले, असे म्हणणे म्हणजे व्याकरणाच्या सक्तीला लेखकाची निवड समजणे होय. धातू अकर्मक होते ते सकर्मक झाले, एवढेच तेथे घडले आहे.

यात भर पडते ती इंग्रजीतील दुसऱ्या एका मिथकाची. पॅसिव्ह टाळावा, तो दुबळा आणि अप्रामाणिक, हा उपदेश स्ट्रंक यांच्या १९१८ मधील लेखनमार्गदर्शिकेतून आणि ऑर्वेलच्या १९४६ मधील प्रसिद्ध निबंधातून सर्वदूर गेला. खुद्द ऑर्वेलच्या त्या निबंधात पॅसिव्ह रचना मुबलक आहेत, आणि पॅसिव्हला नावे ठेवणाऱ्यांना तो अनेकदा ओळखताही येत नाही, हे जेफ्री पुलम यांनी २०१४ मधील लेखात सोदाहरण दाखविले. हाच उपदेश ‘कर्मणी टाळा’ या रूपात मराठीत आला, तर तो केवळ अयोग्य ठरत नाही, अशक्य ठरतो. भूतकाळात कोणी काही केले, लिहिले, मोडले वा बांधले हे मराठीत कर्मणी किंवा भावे प्रयोगावाचून सांगताच येत नाही.

मराठीत कर्तेपण कमीजास्त करण्याची साधने अन्यत्र आहेत आणि ती फार सूक्ष्म आहेत. ‘त्याने काच फोडली’, ‘त्याच्या हातून काच फुटली’, ‘काच फुटली’, ‘काच फोडली गेली’, ‘काच फोडण्यात आली’ ही पाच वाक्ये पाहावीत. पहिल्यात हेतू आहे किंवा निदान जबाबदारी आहे. दुसऱ्यात कर्ता आहे, पण हेतू नाही. ‘हातून’ हा एक शब्द मनुष्याला कृत्याशी जोडतो आणि दोषापासून सोडवतो. तिसऱ्यात कर्ता नाहीच. काच जणू आपल्या धर्माने फुटली. चौथ्यात कोणीतरी फोडली हे निश्चित आहे, नाव मात्र नाही. पाचव्यात कृत्य योजनापूर्वक झाले, पण करणारा एखाद्या कचेरीच्या पडद्याआड आहे. ‘कळविण्यात येते’, ‘आदेश देण्यात येत आहे’ ही शासकीय भाषा याच वळणाची. फुट आणि फोड, पड आणि पाड, मर आणि मार या धातूंच्या जोड्या, ‘हातून’ आणि ‘कडून’ यांतील भेद, ‘-ण्यात येणे’ची अनामिकता आणि पदांचा क्रम ही मराठीची जबाबदारी वाटण्याची यंत्रणा आहे. इंग्रजी पॅसिव्ह जे काम करतो, त्यातील बरेचसे काम मराठी केवळ क्रम पालटून करते : ‘आंबा रामाने खाल्ला’ असे म्हणताच बोलणे आंब्याविषयीचे होते.

कर्ता गाळण्याची शक्ती किती दूर जाते, हे विवाहाच्या भाषेत दिसते. ‘तिने लग्न केले’, ‘तिचे लग्न झाले’, ‘तिचे लग्न लावून दिले’, ‘तिला पुण्यात दिली’. या चारही वाक्यांत विवाह तोच. ‘तिला पुण्यात दिली’ हे वाक्य कोणी दिली ते सांगत नाही, आणि ऐकणाराही विचारीत नाही. बाप, चुलता, घराणे, रूढी यांपैकी कर्ता कोण, हे सांगण्याची गरजच समाजाने ठेवलेली नाही. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या, १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आलेल्या कादंबरीतील बालविवाह आणि वैधव्य यांचे जग वाचताना समीक्षकाने शोध घ्यावा, तो अशा गाळलेल्या कर्त्यांचा. यमूने आपल्या कहाणीत सकर्मक भूतकाळाची किती वाक्ये वापरली, यावरून तिच्या पारतंत्र्याचे माप निघणार नाही. तिच्या आयुष्यातील कोणत्या घटना ‘झाल्या’ आणि कोणत्या ‘केल्या’, हा प्रश्न मात्र तिच्या पारतंत्र्याच्या मुळाशी नेतो.

शनिवारवाड्याच्या इतिहासातही एक व्याकरणाचे उदाहरण दडलेले आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चिठ्ठीतील ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला, अशी आख्यायिका आहे, आणि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार त्यातून रूढ झाला. आख्यायिकेची ऐतिहासिक सत्यासत्यता बाजूस ठेवून तिच्या भाषेकडे पाहावे. ‘नारायणरावास धरावे’ हा भावे प्रयोग; कोणी धरावे, याचा उल्लेख नाही. ‘मारावे’ केले तरी तो भावेच राहतो. अक्षर बदलले, प्रयोग बदलला नाही. या कथेत सगळी भीषणता आहे ती धातूत, आणि सगळी पळवाट आहे ती न लिहिलेल्या कर्त्यात. ‘गारद्यांनी’ किंवा ‘अमक्याने’ हे पद घातले असते, तर प्रयोग भावेच राहूनही उत्तरदायित्व उघडे पडले असते. प्रयोग कर्त्याला लपवीत नाही, लिहिणारा लपवितो. समीक्षेने हा विवेक राखला नाही, तर भाषेवर खोटा आरोप होतो आणि लिहिणारा सुटतो.

७

शेवटी या मिथकाची किंमत कोण देतो, तेही पाहिले पाहिजे. कन्नड सीमेलगतच्या मराठीत ‘मी काम केलो’ अशी, क्रियापद कर्त्यामागे चालविणारी रचना ऐकू येते. प्रमाण मराठीच्या दृष्टीने ती चूक ठरते आणि तशी बोलणारी मुले पुण्यामुंबईच्या वर्गांत हसण्यावारी नेली जातात. गंमत अशी, की ज्या इंग्रजी मापाने कर्मणीला निष्क्रिय म्हटले जाते, त्याच मापाने ही रचना ‘ॲक्टिव्ह’ आणि म्हणून श्रेयस्कर ठरावयास हवी. तसे कोणी म्हणत नाही. म्हणजे माप नेमके तेथेच वापरले जाते, जेथे प्रतिष्ठेच्या बाजूने निकाल लागतो. वस्तुतः ‘तो दूध प्याला’ हे प्रमाण वाक्य आणि ‘मी काम केलो’ हे सीमेवरचे वाक्य ही एकाच प्रवृत्तीची, निरनिराळ्या मर्यादेपर्यंत गेलेली रूपे आहेत. व्याकरणाने या मर्यादा दाखवाव्यात, त्यांची कारणे सांगावीत. बोलणाऱ्याची लायकी ठरवू नये.

उपाय अवघड नाही. ‘कर्मणी’ ही संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. तिला तिचा मूळ, अन्वयापुरता अर्थ परत द्यावा. क्रियापद कोणामागे चालते, हा एक प्रश्न. घटना कोणाच्या बाजूने सांगितली, हा दुसरा. आणि कर्ता सांगितला की गाळला, हा तिसरा. हे तीन प्रश्न वेगळे ठेवले, की मराठीच्या तासाला ‘रामाने’ कर्ता आणि इंग्रजीच्या तासालाही तो कर्ताच राहील, आणि ‘पॅसिव्ह’ शिकविताना ‘खाल्ला’ऐवजी ‘खाल्ला गेला’ हे उदाहरण फळ्यावर येईल. पाठ्यपुस्तकात यासाठी एका परिच्छेदाहून अधिक जागा लागणार नाही. समीक्षकालाही तेवढेच पुरेसे आहे. ‘तो दूध प्याला आणि त्याने भाकरी खाल्ली’ या वाक्यात एक भुकेला माणूस आहे, त्याने आपल्या हातांनी दोन्ही गोष्टी केल्या आहेत, आणि मराठीने तसे स्पष्टपणे सांगितले आहे.